कानातला नाद आणि सीबीडीचे तेल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कानाच्या आरोग्यावर कुठेही चार शब्द बोलायचा प्रसंग आला, की कार्यक्रम संपल्यावर एक-दोघे मागे रेंगाळतात. बाकीची मंडळी पांगली की ते जवळ येतात आणि विचारतात, "सर, कानात सतत आवाज येतो. त्यावर ते सीबीडीचं तेल चालतं म्हणे. खरं आहे का?" कुणाच्या जावयाने अमेरिकेहून येताना छोटीशी बाटली आणलेली असते. कुणी मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते. कुणाला सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने छातीठोकपणे सांगितलेले असते की, अमक्याचा आवाज पंधरा दिवसांत गेला.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. सीबीडीने कानातला आवाज कमी होतो, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा आज आपल्याजवळ नाही. पण एवढे सांगून थांबलो तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि ते रास्तच आहे. नाही म्हणायचे तर का नाही, हे कळले पाहिजे. शिवाय या औषधाकडून लोकांनी आशा धरली, ती अगदीच खुळेपणाने धरली, असेही नाही. त्या आशेमागे काही शास्त्रीय विचार होता. तो विचार कुठपर्यंत टिकला आणि कुठे अडखळला, हे आज आपण पाहू.

या विषयात मला दुहेरी रस आहे. एक म्हणजे मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. आणि दुसरे म्हणजे माझ्या स्वतःच्या डाव्या कानात गेली अकरा वर्षे एक रातकिडा मुक्कामाला आहे. दिवसा तो गर्दीत हरवतो, रात्री उशीवर डोके टेकले की पुन्हा सुरू होतो. तेव्हा यावर एखादे औषध निघाले तर सर्वांत आधी रांगेत उभा राहणारा मीच असेन, हे लक्षात ठेवून पुढचे ऐका.

आवाज कुठून येतो?

या त्रासाला इंग्रजीत टिनिटस म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुना शब्द आहे, कर्णनाद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि त्याच्याच जवळचा कर्णक्ष्वेडही आहे. एकात शंख, मृदंग, भेरी यांच्यासारखे नाद, तर दुसऱ्यात वेळूच्या बासरीसारखा आवाज, असा बारीक भेद जुन्या वैद्यांनी केलेला आहे. आजचे रुग्णही अशीच वर्णने करतात. कुणी म्हणते कुकरची शिट्टी लागून राहिली आहे, कुणी म्हणते समुद्राची गाज आहे, कुणी म्हणते ट्रान्सफॉर्मरखाली उभे राहिल्यासारखे वाटते.

हा त्रास दुर्मिळ नाही. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कानात आवाज येण्याचा अनुभव आहे, आणि दोन टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. शंभरातल्या त्या दोघांची झोप उडते, लक्ष लागत नाही, माणूस चिडचिडा होतो आणि घरच्यांना काहीच ऐकू येत नसल्याने "तुला उगाच वाटतं" हे वाक्य त्यांना वरचेवर ऐकावे लागते. हे वाक्य किती लागते, ते मला ठाऊक आहे.

मग आवाज येतो कुठून? आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. बाहेरचा आवाज आत आला की या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचे विजेच्या संदेशात रूपांतर होऊन तो मेंदूकडे जातो. वय, गिरणीतला किंवा यंत्रमागाचा गोंगाट, मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, काही औषधे, यांमुळे या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता तुम्ही रेडिओ ऐकता आहात, तेव्हा रेडिओचेच उदाहरण घेऊ. एखादे स्टेशन फार क्षीण लागत असेल तर आपण काय करतो? आवाज वाढवतो. आवाज वाढवला की बोलणे थोडे मोठे होते, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. मेंदूही असेच काहीसे करतो, असे आजचे प्रमुख मत आहे. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतली ऐकण्याची केंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवतात, आणि एरवी कधी जाणवली नसती अशी त्यांची स्वतःचीच खरखर आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते.

याला दोन चांगले दाखले आहेत. १९५३ साली दोन अमेरिकी संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना अगदी निःशब्द खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकल्याचे सांगितले. म्हणजे खरखर बहुतेक सगळ्यांच्याच मेंदूत असते, एरवी ती झाकलेली असते. दुसरा दाखला शस्त्रक्रियेचा. श्रवणनाडीवरची गाठ काढताना कधी कधी ती नाडीच कापावी लागते. तो कान ठार बहिरा होतो, तरीही पुष्कळांचा कर्णनाद चालूच राहतो. तार तोडली तरी घंटा वाजतेच आहे, याचा अर्थ ती घंटा कानात नसून मेंदूत आहे.

एकाच झाडाची दोन द्रव्ये

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. ज्या झाडापासून भांग आणि गांजा मिळतो, त्याच झाडातले हे एक द्रव्य. या झाडात अशी शंभराहून अधिक द्रव्ये आहेत, पण त्यांतली दोन महत्त्वाची. एक टीएचसी आणि दुसरे सीबीडी. गांजाची नशा येते ती टीएचसीमुळे. सीबीडीने तशी नशा येत नाही.

सीबीडी वेगळे काढले ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांनी, १९४० साली. त्याची नेमकी रचना १९६३ साली इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने उलगडली. पुढच्याच वर्षी मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेतून टीएचसीची माहिती जगापुढे आली. पण झाडातले द्रव्य माणसाच्या मेंदूवर काम कसे करते, हे कळायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली. १९८८ साली असे दिसले की, मेंदूतल्या पेशींच्या भिंतीवर या द्रव्यासाठी जणू खास कुलपे बसवलेली आहेत. त्यांना रिसेप्टर म्हणतात. टीएचसी ही त्या कुलपात बसणारी किल्ली.

आता आपल्या मेंदूत निसर्गाने गांजासाठी कुलूप कशाला ठेवले असेल? तर गांजासाठी नव्हेच. १९९२ साली मेशुलम यांच्या गटाला या कुलपाची मेंदूतच तयार होणारी, निसर्गाची स्वतःची किल्ली सापडली. तिला त्यांनी नाव दिले आनंदामाइड. यातला 'आनंद' हा आपला संस्कृत शब्द, त्यांनी जाणूनबुजून घेतलेला. चेतापेशी एकमेकींशी बोलताना आवाज फार चढला, तर तो खाली आणण्याचे काम ही व्यवस्था करते. सीबीडी मात्र या मुख्य कुलपात नीट बसत नाही. ते आडवाटेने, इतर अनेक ठिकाणी थोडे थोडे काम करते, आणि त्याचे सगळे मार्ग अजून नीट उलगडलेले नाहीत.

आशेचा आधार

आता दोन्ही धागे जोडून पाहा. कर्णनादात मेंदूतल्या पेशी उगीचच जास्त बडबडतात. मिरगीत, म्हणजे फिट येण्याच्या आजारातही पेशींची बडबड अनावर होते. आणि मिरगीच्या काही दुर्धर प्रकारांत सीबीडीचा उपयोग होतो, हे खरोखरच सिद्ध झालेले आहे. नीट चाचण्या झाल्या आणि जून २०१८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या लहान वयात सुरू होणाऱ्या मिरगीच्या दोन अवघड प्रकारांसाठी ती होती. त्या मुलांच्या आईबापांना या औषधाने फार मोठा दिलासा दिला, यात शंका नाही.

मग जे मिरगीत पेशींना शांत करते, ते कानाच्या केंद्रातही का करणार नाही? तर्क तर बिनतोड वाटतो. त्यातच कानाकडून येणारे संदेश मेंदूत जिथे प्रथम पोहोचतात, त्या केंद्रातही गांजाची ही कुलपे सापडली. आशेला आणखी बळ मिळाले.

पण औषधशास्त्राच्या वर्गात मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत असे. तर्क हा प्रश्न विचारायला चांगला, उत्तर द्यायला नव्हे. याच तर्काने मिरगीची इतर अनेक औषधे कर्णनादावर यापूर्वी वापरून झाली. त्यांचा उपयोग होत नाही, असेच दिसले. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मिरगीची औषधे कर्णनादासाठी सरसकट देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मेंदूत काही पेशी उत्तेजन देतात, काही लगाम घालतात. ही कुलपे दोन्ही प्रकारच्या पेशींवर आहेत. उत्तेजन देणाऱ्या पेशीला गप्प केले तर शांतता वाढेल. पण लगाम घालणाऱ्या पेशीलाच गप्प केले तर? घोड्याचा लगाम सैल केल्यासारखे होईल. तेव्हा परिणाम कोणत्या बाजूला जाईल, हे नुसत्या विचाराने कळत नाही. प्रयोगच करावा लागतो.

उंदरांनी काय सांगितले?

तसे प्रयोग झाले आहेत. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात यिवेन झेंग आणि पॉल स्मिथ या संशोधकांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला.

आता तुम्ही म्हणाल, उंदराला कर्णनाद झाला हे कळते कसे? त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. उंदरांना अशी सवय लावतात की, पार्श्वभूमीचा आवाज बंद होऊन शांतता पसरली की पायाला सौम्य झटका बसणार. थोड्याच दिवसांत शांतता झाली की उंदीर पाणी पिणे थांबवून सावध होतात. मग कानाला इजा करून पुन्हा तीच परीक्षा घेतात. ज्याच्या कानात आता सतत आवाज आहे, त्याच्यासाठी शांतता होतच नाही. बाहेरचा आवाज बंद झाला तरी तो आपला पाणी पीतच राहतो. बिचाऱ्याला आपले दुखणे सांगता येत नाही, पण त्याच्या वागण्यातून ते कळते.

२०१० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना आधी सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचे औषध मोठ्या मात्रेत देऊन कर्णनाद निर्माण केला होता आणि मग गांजासारखे काम करणारी कृत्रिम द्रव्ये दिली होती. कर्णनाद कमी झाला नाही. उलट, जास्त मात्रेत ज्या उंदरांना मुळात कर्णनाद नव्हता, तेही असल्यासारखे वागू लागले. २०१५ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या आवाजाने कानाला इजा झालेल्या उंदरांना टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात दिले होते. निष्कर्ष शोधनिबंधाच्या मथळ्यातच आहे. या द्रव्यांनी कर्णनाद कमी होत नाही, कदाचित वाढतो.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि त्यांत निव्वळ सीबीडी वापरलेले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यामुळे सीबीडीने माणसाचा कर्णनाद वाढतो, असे मी यावरून म्हणणार नाही. पण "झालाच तर फायदा, तोटा काही नाही" असे जे सर्रास म्हटले जाते, तेही यानंतर म्हणता येत नाही.

माणसांचा अनुभव

माणसांबाबत काय? अमेरिकेत सरकारतर्फे लोकांच्या आरोग्याची नियमित पाहणी होते. तिच्या २०११-१२च्या आकडेवारीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नियमित गांजा ओढणाऱ्यांत कर्णनादाची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळली. पण जितका गांजा जास्त तितका त्रास जास्त, असे काही दिसले नाही. त्यामुळे गांजामुळे कर्णनाद झाला, की कर्णनादाने बेजार झालेले लोक गांजाकडे वळले, की दोन्हींमागे तिसरेच काही कारण आहे, हे अशा पाहणीतून ठरत नाही. शिवाय गांजा ओढणे वेगळे आणि सीबीडीचे थेंब घेणे वेगळे.

ज्याला खरी कसोटी म्हणतात, ती अशी असते. कर्णनादाच्या काहीशे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला सीबीडी द्यायचे, दुसऱ्याला तसेच दिसणारे, तशाच चवीचे निव्वळ तेल. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. काही महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना करायची. सीबीडी अशा कसोटीतून कर्णनादासाठी तावूनसुलाखून बाहेर पडलेले नाही.

"पण अमक्याला गुण आला, त्याचं काय?" हा प्रश्न उरतोच. तो माणूस खोटे बोलतो, असे मी कधीच म्हणणार नाही. पण कर्णनादाचा स्वभाव चढउताराचा आहे. माणूस औषध कधी सुरू करतो? त्रास अगदी शिगेला पोहोचतो तेव्हा. शिगेला पोहोचलेला त्रास पुष्कळदा आपणहून थोडा उतरतो, आणि श्रेय मिळते त्या आठवड्यात घेतलेल्या औषधाला. त्यात आशेचा वाटा मिसळतो. काहीतरी उपाय चालू आहे या विचारानेच मन सैल होते, आवाजावरचे लक्ष उडते.

याचे एक बोलके उदाहरण सांगतो. ओटीओ-३१३ नावाचे औषध कानाच्या पडद्यातून इंजेक्शनने द्यायचे होते. २०२० साली छोट्या चाचणीत फार आशादायक निकाल आले. मग मोठी चाचणी केली. ऑगस्ट २०२२मध्ये तिचा निकाल लागला, तेव्हा औषध मिळालेल्यांत आणि खोटे इंजेक्शन मिळालेल्यांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. दोन वर्षे मीही त्या बातमीकडे डोळे लावून बसलो होतो. थोडक्यात, दहा-वीस जणांच्या अनुभवावर भिस्त ठेवता येत नाही, मग ते अनुभव कितीही खरे असोत.

आणखी एक बाजू आहे. कर्णनादात आवाज ही एक गोष्ट आणि त्या आवाजाचा जाच ही दुसरी. सीबीडीने आवाज कमी होत नसेल, पण चिंता कमी होऊन जाच कमी होईल का? चिंतेवर सीबीडीचे काही छोटे अभ्यास झाले आहेत. ब्राझीलमध्ये २०११ साली, चारचौघांत बोलण्याची अतोनात भीती वाटणाऱ्या २४ जणांवर असा प्रयोग झाला. ज्यांना सीबीडी मिळाले, त्यांची भाषणाच्या वेळची घालमेल कमी झाली. पण तिथे दिलेली एका वेळची मात्रा होती ६०० मिलीग्रॅम. बाजारातल्या तेलाच्या काही थेंबांत बहुधा दहा, वीस, पंचवीस मिलीग्रॅम असतात. तेव्हा प्रयोगाचा हवाला देऊन जे विकले जाते, ते प्रयोगात वापरलेल्या मात्रेच्या जवळपासही नसते.

बाटलीत काय आहे?

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले, दोन्ही कानांत आवाज. मुलाच्या मित्राकडून त्यांनी सीबीडीचे तेल मागवले. पेन्शनीतला मोठा हिस्सा त्यात जाई. माझ्याकडे ते आले ते तेल चांगले की वाईट एवढेच विचारायला. बोलण्याच्या ओघात कळले की, हृदयाच्या झडपेसाठी ते वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. त्यांना मी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तपासणीत रक्त हवे त्यापेक्षा बरेच जास्त पातळ झालेले निघाले. हिरड्यांतून येणारे रक्त ते ब्रशवर ढकलत होते. तेल बंद झाले, मात्रा पुन्हा बसवावी लागली.

तेलाचा आणि गोळीचा संबंध असा. आपले यकृत अनेक औषधांची विल्हेवाट काही ठरावीक एन्झाइमांच्या साहाय्याने लावते. सीबीडी त्याच एन्झाइमांच्या कामात अडथळा आणते. मग दुसरे औषध रक्तात साचत जाते. वॉरफरिन, मिरगीवरचे क्लोबाझाम, अशा औषधांबाबत हे माहीत झालेले आहे. मोठ्या मात्रेत सीबीडीने गुंगी येते, जुलाब होतात, भूक मंदावते आणि यकृताच्या तपासणीतले आकडे वाढू शकतात. "झाडापासून केलेलं आहे, त्याने काय होणार?" असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, धोतरा कशापासून होतो?

आणि लेबलवर लिहिलेले बाटलीत असते का? अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी फक्त २६ उत्पादनांत लेबलप्रमाणे सीबीडी होते. १८ उत्पादनांत टीएचसीही सापडले.

आपल्याकडे आणखी घोटाळा आहे तो नावांचा. हेम्प सीड ऑइल, म्हणजे या झाडाच्या बियांचे तेल, हे खाद्यपदार्थ म्हणून विकायला २०२१ साली परवानगी मिळाली. त्यात सीबीडी नावापुरतेच असते. पानांपासून केलेली तेले 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याखाली विकली जातात, ती वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यायची असतात. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी आहे, आणि नुसत्या पानांच्या भांगेबाबत राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. परदेशातून हौसेने आणलेल्या बाटलीत टीएचसीचा अंश निघाला, तर दुखणे राहील बाजूला आणि भलतेच लचांड मागे लागेल.

आणि एक कळकळीची विनंती. हे तेल काय किंवा लसूण घालून कोमट केलेले घरचे तेल काय, कानात घालू नका. कर्णनादाचे मूळ तेल पोहोचेल अशा जागी नाही, आणि पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात उतरून नवे दुखणे उभे राहते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर आवाज जातो. कधी चालू असलेल्या एखाद्या औषधाचा हात असतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, बरोबर चक्कर असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर अजिबात वेळ घालवू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी गोष्ट, ऐकण्याची रीतसर चाचणी. पुष्कळांना आवाजाबरोबर थोडा बहिरेपणाही असतो. श्रवणयंत्र लावले की बाहेरचे आवाज आत येऊ लागतात आणि मेंदूला खरखर ऐकत बसण्याचे कारण उरत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही चाचणी होते.

तिसरी गोष्ट, पूर्ण शांतता टाळा. मी रात्री पंखा चालू ठेवतो, थंडीत अगदी हळू आवाजात रेडिओ. आवाज बुडवायचा नाही, त्याला फक्त सोबत द्यायची.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनाची तालीम. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे. २०२० साली २८ चाचण्यांचा आणि २,७०० हून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. या पद्धतीने कर्णनादाचा जाच कमी होतो, असे त्यात दिसले. आवाजाची पट्टी तीच राहते, पण तो दारात उभा असलेल्या सावकारासारखा वाटायचा, तो रस्त्यावरच्या रहदारीसारखा वाटू लागतो. हा फरक लहान नाही. त्रास असह्य होऊन जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तिथे फोन करण्यात कमीपणा काहीच नाही.

गोळ्यांच्या बाबतीत सांगायचे, तर कर्णनाद बरा करणारी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी आज नाही. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी बीटाहिस्टिन चक्कर येण्याच्या आजारात दिली जाते, पण नुसत्या कर्णनादासाठी ती देऊ नये, असे ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०२० साली नमूद झाले आहे. गिंको, जस्त, मेलाटोनिन यांचीही शिफारस अमेरिकी तज्ज्ञ करत नाहीत. म्हणजे सीबीडीशी माझे काही वाकडे आहे असे समजू नका. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावतो आहे.

उद्या एखादी नीट आखलेली मोठी चाचणी झाली आणि सीबीडीने कर्णनाद उतरतो असे दिसले, तर मी याच ठिकाणी येऊन आनंदाने तसे सांगेन. तोवर ते तेल आधीच घेत असाल, तर निदान आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका. चालू गोळ्यांची यादी सांगताना त्या बाटलीचेही नाव घ्या. आणि घेत नसाल, तर तेच पैसे ऐकण्याच्या चाचणीसाठी आणि जमल्यास श्रवणयंत्रासाठी बाजूला ठेवा. घरात कुणाला कानात आवाज येत असेल, तर त्याला "तुला उगाच वाटतं" असे म्हणू नका. या दुखण्यावर बिनखर्चाचे जे थोडे उपाय आहेत, त्यांतला हा पहिला.

नमस्कार.